वनस्पतींतील विकरें मण्यांत कोंडून पुन्हां पुन्हां वापरण्याची रीत

(अभ्यासपाठ. लेखक : एक निवृत्त महसुली कारकून, माजिवडा)

कच्च्या पपईची फोड घातली असतां मांस लवकर शिजतें. मोड आणून वाळविलेल्या नाचणीचें सत्त्व गोडसर लागतें. भिजविलेल्या तुरीच्या पिठांत थोडा युरिया कालवून ठेवला तर कांहीं वेळानें नाकास झोंबणारा वास सुटतो. या तीन गोष्टी वरवर पाहतां निरनिराळ्या दिसतात. परंतु तिहींचें कारण एकाच जातीचें आहे. त्या कारणास इंग्रजींत एन्झाइम व मराठी शास्त्रीय परिभाषेंत विकर असें म्हणतात. हीं विकरें आपल्याच शेतांत पिकतात. मात्र त्यांचा उपयोग बहुतेक करून दुसरेच करितात. ठाण्यापासून जवळ, जेथें घोडबंदरचा रस्ता मुंबई-आग्रा रस्त्यास मिळतो त्या माजिवड्यास आतां भाताच्या खाचरांपेक्षां इमारतीच अधिक दिसतात. पण याच ठाणे शहरांत मुख्य कचेरी असलेली ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज ही कंपनी विकरांचाच धंदा करिते व तिचा कारखाना नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर येथें आहे. ज्या मालाचा धंदा आपल्या दाराशीं चालतो त्याचें ज्ञान जमीनदार शेतकऱ्यास असावें, या हेतूनें प्रस्तुत पाठ लिहिला आहे. विकर कोंडून ठेवण्याची रीत काय, ती कोणत्या विकरास लागू पडते, व तिच्यापासून शेतकऱ्यानें काय घ्यावें आणि काय घेऊं नये, एवढ्यापुरताच यांत विचार केला आहे.

१. विकर म्हणजे काय

विकर हा एक प्रकारचा प्रथिन पदार्थ आहे. त्याचा गुण असा कीं, तो दुसऱ्या पदार्थांत फेरफार घडवून आणतो, पण त्या कामांत स्वतः खर्च होत नाहीं. चुलींत लांकूड जळून जातें तसें विकराचें होत नाहीं. गवंड्याच्या हातांतील थापीप्रमाणें तें एक काम झालें कीं दुसऱ्यास लागतें. म्हणून अगदीं थोडें विकर पुष्कळ मालावर काम करूं शकतें.

दुसरा गुण असा कीं, प्रत्येक विकराचें काम ठरलेलें असतें. पपईच्या चिकांतील पपेन हें विकर प्रथिनांचे तुकडे करितें. तें पिष्टास शिवत नाहीं. मोड आलेल्या नाचणींतील विकर पिष्टाची साखर करितें. तें मांसास शिवत नाहीं. तुरीच्या बियांतील युरिएज हें विकर युरियाच्या एका कणाचे दोन भाग अमोनिया व एक भाग कर्बवायु करितें, यापलीकडे तें कांहीं करीत नाहीं.

तिसरा गुण ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. विकर उकळलें कीं मरतें. अंड्याचा बलक शिजून घट्ट झाला म्हणजे पुन्हां पातळ होत नाहीं, तशीच विकराची गत आहे. शिजविलेल्या पपईनें मांस मऊ होत नाहीं व भाजलेल्या तुरीच्या डाळींतून अमोनियाचा वास येत नाहीं, याचें कारण हेंच.

पपेन हें नांव सन १८७९ मध्यें वुर्ट्झ व बुशू या फ्रेंच विद्वानांनीं दिलें. विकर हें प्रथिनच आहे कीं आणखी कांहीं, याविषयीं पुढें कित्येक वर्षें वाद चालला होता. सन १९२६ मध्यें अमेरिकेंत जेम्स समनर यानें जॅकबीन नांवाच्या शेंगेच्या बियांतून युरिएजचे स्फटिक काढून दाखविले आणि तें प्रथिन असल्याचें सिद्ध केलें. त्याबद्दल त्यास १९४६ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. ही जॅकबीन आपल्याकडील अबईच्या वेलाची जवळची सोयरीक होय. मोठ्या शोधाची सुरवात शेंगेच्या बियांपासून झाली, हें शेतकऱ्यानें विसरूं नये.

२. कोंडून ठेवण्याची गरज कां पडली

विकर पाण्यांत सहज विरघळतें. दुधांत, रसांत किंवा अन्य द्रवांत तें एकदां घातलें कीं काम संपल्यावर त्यास वेगळें काढणें फार खर्चाचें होतें. सबब तें मालाबरोबर वाहून जातें. वस्तुतः त्याच्या अंगांत अजून काम करण्याची शक्ति शिल्लक असते. तरी पुढील खेपेस नवें विकर विकत घ्यावें लागतें. गवंड्यानें प्रत्येक भिंतींत आपली थापीच चिणून टाकावी, तसाच हा प्रकार.

यावर उपाय असा निघाला कीं, विकर एखाद्या न विरघळणाऱ्या वस्तूस चिकटवून अथवा तिच्या आंत अडकवून ठेवावें. द्रव त्यावरून जाऊं द्यावा, काम झालें कीं द्रव गाळून घ्यावा, आणि विकरासह ती वस्तु पुन्हां वापरावी. सन १९१६ मध्यें नेल्सन व ग्रिफिन या दोघांस असें आढळलें कीं, साखर फोडणारें विकर कोळशाच्या भुकटीस चिकटून राहिलें तरी तें आपलें काम करीत राहतें. ही गोष्ट बरींच वर्षें पुस्तकांतच राहिली. सन १९६९ मध्यें जपानांतील तानाबे सेइयाकु या कंपनींत चिबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याच तत्त्वावर मोठ्या प्रमाणांत उत्पादन सुरू केलें. आपल्या प्रांतीं पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना यांच्याकडून पेनिसिलिनवर काम करणारें, जंतूंपासून मिळणारें विकर अशाच रीतीनें पुनः पुन्हां वापरण्याचें काम झालें आहे.

३. मणी कशाचा करितात

अडकविण्याच्या अनेक रीती आहेत; त्यांपैकीं सर्वांत सोपी रीत अल्जिनेटच्या मण्यांची. समुद्रांतील तपकिरी रंगाच्या शेवाळापासून अल्जिनेट काढितात. त्या शेवाळापैकीं सर्गॅसम नांवाची जात रत्नागिरी व मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर पुष्कळ वाढते. अल्जिनेटचा शोध इंग्रज रसायनशास्त्री स्टॅनफर्ड यानें लाविला व सन १८८१ मध्यें त्याचें पेटंट घेतलें.

बाजारांत मिळणारें सोडियम अल्जिनेट ही पांढरट भुकटी असते. ती पाण्यांत विरघळली कीं पेजेसारखी चिकट होते. त्या पेजेचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यांत पडतांच बाहेरून गोठतो व थोड्या वेळांत आंतपर्यंत थलथलीत घट्ट होतो. कारण असें आहे कीं, अल्जिनेटचे लांबच लांब धागे असतात. सोडियमच्या कणास एकच हात असल्यामुळें तो एकाच धाग्यास धरतो. कॅल्शियमच्या कणास दोन हात असल्यामुळें तो दोन धागे एकमेकांस जोडून धरतो. असे असंख्य जोड पडले म्हणजे त्यांचें जाळें बनतें. पेजेंत अगोदरच विकर मिसळलेलें असेल तर तें त्या जाळ्यांत सांपडतें. हलवाई झाऱ्यांतून कढईंत बुंदी पाडतो, तशीच ही क्रिया आहे. भेद इतकाच कीं येथें तूपही नको व विस्तवही नको. विकरास उष्णता सोसत नाहीं, म्हणूनच ही रीत त्यास मानवते.

४. कोणतें विकर मण्यांत राहतें

हा भाग या पाठांतील सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथेंच पुष्कळांची फसगत होते. मण्याचें जाळें हें एक चाळण आहे. चाळणींत काय राहील व काय गळेल हें तिच्या भोंकांवर व दाण्याच्या आकारावर ठरतें. मण्यापासून काम घ्यावयाचें तर दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : विकर भोंकांतून बाहेर पडूं नये, आणि ज्यावर काम करावयाचें तो पदार्थ भोंकांतून आंत शिरावा.

आतां दोन उदाहरणें तोलून पाहूं. युरिएजच्या कणाचा रासायनिक भार सुमारे पांच लाख आहे. युरियाच्या कणाचा भार अवघा ६०. म्हणजे रखवालदार हत्तीएवढा व येणारा जाणारा मुंगीएवढा. युरिएज जाळ्यांत अडकून राहतें आणि युरिया सहज आंतबाहेर करितो. दोन्ही अटी पुऱ्या होतात. काशी हिंदु विश्वविद्यालयांत तुरीच्या बियांतील युरिएज अल्जिनेटच्या मण्यांत कोंडून त्याचा अभ्यास झालेला आहे, तो याच जोडीवर.

पपेनचें गणित उलट आहे. त्याच्या कणाचा भार सुमारे २३,४०० म्हणजे युरिएजच्या विसाव्या हिश्श्याहून थोडा कमी. तें साध्या अल्जिनेटच्या मण्यांतून हळूहळू गळून जातें. शिवाय पपेनचें काम प्रथिनांवर, आणि प्रथिनांचे कण स्वतःच मोठे. ते मण्याच्या आंत नीट शिरत नाहींत. सारांश, नोकर बाहेर पळतो व गिऱ्हाईक आंत येत नाहीं. म्हणून पपेनकरितां ग्लुटराल्डिहाइड नांवाच्या द्रव्यानें विकरास बांधून टाकितात, किंवा कोळंबीच्या टरफलापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या मण्यांवर तें वरच्या अंगास जखडितात. हीं कामें प्रयोगशाळेचीं आहेत. ग्लुटराल्डिहाइड डोळ्यांस व श्वासास अपायकारक असल्यामुळें घरीं त्याच्या वाटेस जाऊं नये.

५. प्रत्यक्ष कृति

शेतकी शाळेंत, सोसायटीच्या कचेरींत अगर घरच्या ओसरीवर करून पाहण्याजोगा प्रयोग खालीं दिला आहे.

साहित्य : औषध न लाविलेल्या तुरीच्या बिया १० ग्रॅम, सोडियम अल्जिनेट २ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ५ ग्रॅम, युरिया, हळद, टिपकागद, सुई काढलेली पिचकारी, कांचेचीं भांडीं, पावसाचें किंवा ऊर्ध्वपातित पाणी. पेरणीकरितां बुरशीनाशक चोळलेलें बियाणें घेऊं नये. तें विषारी असतें व त्यानें विकरही बिघडतें.

(अ) अर्क : बिया रात्रभर भिजवून सकाळीं साल काढावी. थंड पाण्यांत वाटून एकंदर ५० मिलिलिटर होईल इतकें पाणी घालावें व दाट फडक्यांतून गाळून घ्यावें. अर्क त्याच दिवशीं वापरावा.

(आ) पेज : ५० मिलिलिटर कोमट पाण्यांत अल्जिनेट चिमूट चिमूट घालून ढवळावें. एकदम ओतल्यास गुठळ्या होतात. दोन-तीन तास ठेवून बुडबुडे निघून गेल्यावर व पेज पूर्ण निवाल्यावर तींत तेवढाच अर्क मिसळावा.

(इ) मणी : २०० मिलिलिटर पाण्यांत कॅल्शियम क्लोराइड विरघळवावें. पिचकारींत पेज भरून सुमारे वीतभर उंचीवरून एक एक थेंब पाडावा. थेंब मंद गतीनें पाडले म्हणजे मणी गोल होतात. अर्धा ते एक तास त्याच पाण्यांत ठेवून मग स्वच्छ पाण्यानें दोनदां धुवावे. मणी जितके बारीक तितका युरिया आंत लवकर पोंचतो. म्हणून साबुदाण्याहून मोठे करूं नयेत.

(ई) परीक्षा : हळदीचें पाणी टिपकागदास लावून तो सावलींत वाळवावा. १०० मिलिलिटर पाण्यांत १ ग्रॅम युरिया विरघळवून त्यांत मणी टाकावे व दर पांच मिनिटांनीं हळदीच्या कागदाचा तुकडा बुडवून पाहावा. अमोनिया उत्पन्न झाला कीं पाणी क्षारयुक्त होतें व पिवळा कागद तांबूस होतो. साबणाच्या हातानें हळदीचा डाग लाल होतो तोच हा प्रकार.

(उ) तुलना : शेजारीं दुसऱ्या भांड्यांत, अर्क उकळून मग केलेले मणी टाकावे. त्यांतील कागद पिवळाच राहिला पाहिजे. ही तुलना केल्याखेरीज रंग विकरामुळेंच बदलला असें म्हणतां येत नाहीं.

(ऊ) पुनरुपयोग : मणी गाळून, धुवून, नव्या युरियाच्या पाण्यांत टाकावे. किती मिनिटांत रंग पालटला याची प्रत्येक खेपेची नोंद खेप, तारीख, वेळ व मिनिटें अशा चार रकान्यांत करावी. मिनिटें वाढत चाललीं म्हणजे मण्यांची शक्ति घटत चालली असें समजावें.

काळजी : तांब्याचें भांडें वापरूं नये, मोरचुदाचा अंशही युरिएजास मारक आहे. सोडा, साबण किंवा फॉस्फेट असलेलें खत यांच्या पाण्यांत मणी घालूं नयेत. तीं द्रव्यें मण्यांतील कॅल्शियम ओढून घेतात व मणी विरघळूं लागतात. युरियापासून उत्पन्न होणाऱ्या कार्बोनेटाशींही थोडें कॅल्शियम मिळून पांढरा सांका बनतो, म्हणून प्रत्येक खेपेनंतर मणी कांहीं वेळ कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यांत ठेवावे. तेथेंच, थंड जागीं पण बर्फ न होऊं देतां, ते साठवावे. मणी कोरडे पडले कीं आकसतात व निरुपयोगी होतात.

६. जमाखर्च

पुन्हां वापरतां येतें म्हणजे स्वस्त पडतेंच असें नाहीं. हिशेब मांडून पाहावा. समजा, एका खेपेच्या मोकळ्या अर्कास १० रुपये लागतात व मणी करण्यास त्यावर आणखी २५ रुपये लागतात. म्हणजे मण्यांची एकूण किंमत ३५ रुपये. समजा, मण्यांचें काम पहिल्या खेपेस पूर्ण व पुढें दर खेपेस एक दशांश कमी होत जातें. तर तीन खेपांत २७ रुपयांचें काम निघेल, चार खेपांत ३४ रुपयांचें, आणि पांच खेपांत ४० रुपयांचें. म्हणजे चार खेपांपर्यंत तोटा व पांचव्या खेपेस प्रथम ५ रुपये नफा. यांत मजुरी धरलेली नाहीं. हे आंकडे केवळ रीत समजण्याकरितां घेतले आहेत. आपल्या नोंदवहींतील खरे आंकडे त्यांच्या जागीं घालावे. अर्क महाग व मणी टिकाऊ असतील तेथेंच ही रीत परवडते. तुरीचा अर्क स्वस्त आहे, त्यामुळें त्याचे मणी विकून घर चालेल अशी आशा कोणी धरूं नये व कोणी तसें सांगत आल्यास त्याजपाशीं खेपांची नोंद मागावी.

७. शेतकऱ्यास यापासून बोध

पहिला बोध शेतांतील युरियासंबंधीं. तुरीच्या बियांतील विकर मातींतही असतें. जंतु व कुजणारा पालापाचोळा यांपासून तें तेथें येतें. ओल्या जमिनीवर युरिया उघडा पसरला कीं मातींतील युरिएज त्याचा अमोनिया करितें आणि तो हवेंत उडून जातो. मण्यांच्या भांड्यांतून जो वास येतो तोच वास शेतांतून येत असतां आपले पैसे उडत असतात. यास्तव युरिया मातींत मिसळावा. कोंकणांतील चारसूत्री भातलागवडींत चार चुडांच्या मध्यें युरिया-डीएपीची गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलांत खोंचतात, त्यांतील मर्म हेंच.

दुसरा बोध गुरांच्या खाण्यासंबंधीं. कच्च्या सोयाबीनमध्यें युरिएज भरपूर असतें. पेंड नीट भाजली कीं तें मरतें. पशुखाद्याच्या धंद्यांत पेंड पुरेशी भाजली आहे कीं नाहीं हें युरिएजच्या परीक्षेनेंच ठरवितात. युरिया मिसळलेल्या खाद्याबरोबर कच्चें सोयाबीन जनावरास घालूं नये; पोटांत एकदम अमोनिया सुटून जनावर दगावण्याचा संभव असतो.

तिसरा बोध दुधासंबंधीं, व तो फार जपून घ्यावा. दुधांत युरियाची भेसळ ओळखण्याकरितां युरिएजचा उपयोग करितात हें खरें. परंतु निर्भेळ दुधांतही युरिया स्वभावतःच थोडा असतो, आणि कायद्यानेंही १०० मिलिलिटर दुधांत ७० मिलिग्रॅमपर्यंत तो मान्य केला आहे. तेव्हां वर सांगितलेल्या हळदीच्या कागदाचा रंग पाहून कोणा गवळ्यावर अगर शेजाऱ्यावर भेसळीचा आळ घेणें अन्यायाचें होईल. संशय असल्यास नमुना सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवावा. किती मिलिग्रॅम युरिया आहे हें तेथेंच ठरतें.

चौथा बोध पपईच्या चिकासंबंधीं. ज्यांची पपईची बाग आहे त्यांस चीक हें दुसरें उत्पन्न होऊं शकतें. अडीच ते तीन महिन्यांच्या हिरव्या फळावर सकाळीं दहा वाजण्यापूर्वीं दोन-तीन मिलिमीटर खोलीचे चार उभे चरे पाडून चीक कांचेच्या अगर चिनी मातीच्या भांड्यांत धरितात. तीन-चार दिवसांच्या अंतरानें तेंच फळ आणखी तीन-चार वेळां चिरतां येतें. गंजणारें लोखंड चिकास लागूं देऊं नये. चीक ५० ते ५५ अंश उष्णतेवर वाळवितात. अधिक तापविल्यास विकर मरतें आणि उन्हांत वाळविल्यास प्रत उतरते. चीक कातडीस झोंबतो, म्हणून हातमोजे घालावे व डोळे सांभाळावे. चिरलेलें फळ खाण्यास चालतें, पण चऱ्यांमुळें बाजारांत त्यास भाव कमी येतो. हें नुकसान हिशेबांत धरावें, आणि घेणाऱ्याकडून दर व वजनाची रीत लेखी ठरवून मगच चरा पाडावा.

८. स्वाध्याय

(१) विकर काम करून खर्च होत नाहीं, तरी मोकळ्या विकराची खरेदी वारंवार कां करावी लागते?
(२) युरिएज अल्जिनेटच्या मण्यांत राहतें व पपेन कां गळतें? दोहींचे रासायनिक भार देऊन सांगा.
(३) उकळलेल्या अर्काचे मणी शेजारीं ठेवण्याचें प्रयोजन काय?
(४) मणी करण्याचा खर्च २५ ऐवजीं १५ रुपये आला व बाकी आंकडे तेच राहिले, तर नफा कितव्या खेपेपासून होईल?
(५) आपल्या गांवांत युरिया कसा टाकितात तें पाहून, अमोनिया उडून जाण्यास कोठें कोठें वाव आहे याची यादी करा व ती सोसायटीच्या पुढील सभेंत वाचा.

चौथ्या प्रश्नाचें उत्तर ताळ्याकरितां देतों : एकूण खर्च २५ रुपये, दोन खेपांत काम १९ रुपयांचें, तीन खेपांत २७ रुपयांचें, म्हणजे तिसऱ्या खेपेस २ रुपये नफा.